टाच लाल दिसली म्हणून घाबरायचं कशाला?

पत्र थोडक्यात असं आहे. राजारामपुरीतल्या एका मिठाईच्या दुकानात काउंटरवर काम करणाऱ्या ताई लिहितात. वय ४६, वजन साधारण ६० किलो, शुगर नाही, बीपी नाही. सकाळी दहा ते रात्री आठ उभं राहून काम, मध्ये जेवायला अर्धा तास. गेलं वर्षभर संध्याकाळी टाचा ठणकतात. महिन्याभरापूर्वी एका मोफत फूट स्कॅन शिबिरात मशीनवर उभ्या राहिल्या आणि रंगीत प्रिंट मिळाली, टाचा लालभडक, चवडे हिरवे-पिवळे, बोटं निळी. "६२ टक्के वजन टाचेवर पडतंय, डाव्या पायावर ५३ आणि उजव्यावर ४७, बॅलन्स गेलाय, असंच चाललं तर गुडघे आणि कंबर जाणार," असं सांगून माप घेऊन बनवायचे ७,८०० रुपयांचे इनसोल सुचवले. पगार ११,०००. घरचे मालक, म्हणजे नवरा, तालमीतले जुने पैलवान, ते म्हणाले वजन पुढं घे, टाचेवर उभा राहतो तो पडतो. तसं तीन आठवडे केलं तर आता पोटऱ्या दगडासारख्या होतात आणि चवडे जळजळतात. योगाच्या बाई सांगतात तळव्याच्या तीन बिंदूंवर वजन सारखं वाटा. बहीण म्हणते नोकरी सोड. प्रश्न असा की उभं राहायची बरोबर पद्धत कोणती, आणि इनसोल घेऊ की नोकरी सोडू?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या ७,८०० च्या आकड्यावरच अडकलो (कोल्हापूरच्या बायका आपण, 'अडकलो'च म्हणणार), दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की सल्ला देणाऱ्या चौघांचंही एका गोष्टीवर एकमत आहे, की तुमच्या पायावर वजन चुकीचं पडतंय. मशीनवाला, मालक, योगाच्या बाई, बहीण. आणि तुम्हीही ते धरूनच चाललाय. मी तिथंच थांबतो, कारण फिजिओथेरपीत इतकी वर्षं पाय बघून मला तुमच्या प्रिंटमध्ये चुकीचं असं काही दिसलं नाही.

१९८७ साली अमेरिकेत एक मोजणी झाली होती. पायाची काही तक्रार नसलेल्या १०७ माणसांना अनवाणी, निवांत उभं करून तळव्याखालचा दाब मोजला. सरासरी काय आली माहितीय? टाचेवर ६० टक्के, चवड्यावर २८, मधल्या भागावर ८, आणि बोटांवर उरलंसुरलं. टाचेखालचा सगळ्यात जास्त दाब चवड्याखालच्यापेक्षा २.६ पट. ही दुखणं नसलेली माणसं बरं का. आता तुमचे ६२ टक्के त्याशेजारी ठेवून बघा. तुमची प्रिंट म्हणजे नॉर्मल पायाचा नमुना म्हणून भिंतीला लावावी अशी आहे, आणि तीच दाखवून तुम्हाला घाबरवलं. लाल रंगाचा अर्थ धोका असा नसतोच, तिथं दाब सगळ्यात जास्त आहे एवढंच तो सांगतो, आणि कुठल्या आकड्याला लाल म्हणायचं ते त्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी ठरवलेलं असतं. टाच हिरवी आणि चवडा लाल असं निवांत उभं असताना आलं असतं तर मी जास्त प्रश्न विचारले असते.

६० किलोचा हिशेब केला तर एका पायाला ३० किलो. त्यातले १८ टाचेवर, साडेआठच्या आसपास चवड्यावर, अडीचेक मधे, आणि पाची बोटांना मिळून किलोभर. सगळं सारखं का नाही? आता दोन माणसं बांबूला पोतं अडकवून खांद्यावरून नेताहेत असं डोळ्यांसमोर आणा. पोतं बरोबर मधे असेल तर दोघांना सारखं ओझं, पण मागच्याकडं सरकलं की मागच्याचा खांदा मोडतो आणि पुढचा शिट्टी वाजवत चालतो. पायाचं तेच आहे, घोटा पायाच्या मध्यावर नाहीच मुळी, तो मागं टाचेजवळ आहे, शरीराचं वजन घोट्याच्या थोडं पुढं पडतं तरी ते टाचेला जवळ आणि चवड्याला लांबच. म्हणून टाच जास्त उचलते. आणि तिची तशी सोय पण केलेली आहे, टाचेच्या हाडाखाली दीड-दोन सेंटिमीटर जाड चरबीची गादी असते, नुसता गोळा नव्हे, पोळ्याला असतात तसे बारीक बारीक कप्पे आणि प्रत्येकात चरबी कोंडलेली, म्हणजे दाब आला तरी ती पळून जात नाही. एवढी गादी पायात दुसरीकडं कुठं नाही.

आता तुमच्या पोटऱ्या का दगड झाल्या ते. जोतिबाच्या चैत्र यात्रेतली सासनकाठी तुम्ही बघितलीच असणार. एवढी उंच काठी, बुडाशी एक माणूस, आणि चारी बाजूंनी दोर धरणारे. काठी कधी स्थिर असते का? सारखी इकडं तिकडं कलते आणि दोरवाले तिला सारखे परत ओढतात. आपण उभे असतो तेव्हा अगदी हेच चाललेलं असतं, फक्त बारीक, डोळ्याला दिसत नाही. वजन घोट्याच्या पुढं पडतं म्हणून शरीर सतत पुढं कलायला बघतं, आणि मागचा दोर धरलाय तुमच्या पोटरीनं. ती वजनाची रेषा घोट्यापासून जितकी पुढं, तितका दोराला ताण जास्त, रेषा दुप्पट पुढं गेली तर ताण दुप्पट. मालकांचं ऐकून तुम्ही रोज साडेनऊ तास तो दोर दुप्पट ताणून धरलात! वर चवड्याला गादी कमी, त्याच्यावर टाचेचं ओझं टाकलं, मग तो जळजळणारच की. म्हणजे टाचा वर्षभर दुखतच होत्या, पण पोटऱ्या आणि चवडे ही दुखणी नवीन आहेत, ती प्रिंटनंतरची आहेत. आज रात्रीपासून ते बंद करा, पहिला उपाय एवढाच आणि फुकटातला.

मालकांवर रागावू नका. ते बोलले ते त्यांच्या जागी शंभर टक्के खरं आहे. तांबड्या मातीत समोर जोडीदार उभा असताना टाचेवर रेलला की गेला, तिथं वजन चवड्यावर, गुडघे वाकवलेले, कारण पुढच्या क्षणी कुठल्या दिशेला उडी मारायची ते ठरलेलं नसतं. पण तो पवित्रा काही मिनिटांच्या कुस्तीसाठी असतो, गिऱ्हाइकाला पाव किलो कंदी पेढे तोलून द्यायला दिवसभर पवित्र्यात कोण उभं राहतं? खासबागेतला पैलवान पण कुस्ती संपली की टाचेवर येऊन उभा राहतो, बघा कधीतरी.

योगाच्या बाईंचं जरा वेगळं. चुलीच्या तीन दगडांसारखं टाच, अंगठ्याच्या मागचा उंचवटा आणि करंगळीच्या मागचा उंचवटा, हे शिकवायला लई सोपं आणि एकदम वाईटही नाही, कारण त्यानं लक्ष तळव्याकडं जातं. पण वजन खरंच असं तीन ठिकाणी वाटलं जातं का, तर त्याच मोजणीत ते दिसलं नाही. चवड्याखाली सगळ्यात जास्त दाब आला तो बहुतेकांचा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागं, म्हणजे मधे. त्याच्याही आधी, १९३५ मध्ये डडली मॉर्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं वेगळाच हिशेब मांडला होता, निम्मं टाचेवर, निम्मं चवड्यावर, आणि चवड्याचे सहा वाटे करून त्यातले दोन अंगठ्याच्या मागं, कारण तिथं खाली तिळाएवढी म्हणून तिळावरूनच नाव पडलेली दोन छोटी हाडं असतात (तिळापेक्षा बरीच मोठी असतात, पण नाव पडलं ते पडलं). सांगायचं एवढंच की जाणकारांचेही हिशेब बदलत आलेत. योगाच्या वर्गात पाच मिनिटं करा तीन बिंदू, मजेत करा. दुकानात करू नका. तिथं तळव्यावर लक्ष ठेवून उभं राहिलात तर सगळं अंग आखडतं आणि शेठ पण विचारतील काय झालं म्हणून.

५३-४७ बद्दल दोनच वाक्यं. तेवढा फरक बऱ्याच जणांत असतो आणि तो दर मिनिटाला बदलतो, तुम्ही स्क्रीनवर स्वतःचं चित्र बघायला मान वळवली असेल, खांद्याला पर्स असेल, तरी आकडा हलतो. एकदाच काढलेल्या फोटोवरून पाय आखूड-लांब ठरवायला मी तरी धजणार नाही.

मग दुखतंय कशानं? तुम्ही पत्रात टक्के लिहिले, पण त्याच पत्रात सहज जाता जाता लिहिलंय की काउंटरमागं जागा दोन फरशांएवढीच आहे, हलता येत नाही. ताई, माझ्या मते दुखणं तिथं आहे. पाय वजन उचलायला कमी पडत नाही, चालताना प्रत्येक पावलाला एकाच पायावर अख्ख्या शरीरापेक्षा थोडं जास्तच ओझं येतं आणि तरी माणसं अनवाणी जोतिबाचा डोंगर चढतात. पण चालताना ओझं येतं आणि जातं, टाचेवर आलं, चवड्यावर गेलं, दुसऱ्या पायावर गेलं, गादी दबली आणि परत फुगली. एका जागी उभं राहिलं की तीच चरबी तासन्‌तास दबलेली, तोच स्नायू तासन्‌तास ताणलेला. रक्ताचंही तसंच, पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरी आवळून-सैल होऊन करते, ती नुसतीच ताणून बसली तर रक्त खाली साठतं आणि संध्याकाळी पाय सुजतात. पंधरा ऑगस्टला मैदानात ताठ उभी राहिलेली पोरं चक्कर येऊन पडतात, त्यामागं उन्हाबरोबर हे पण असतं. म्हणून "बरोबर पद्धत कोणती" याला माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, अशी एक पद्धत नाही. आत्ता जसे उभे आहात त्यातून पाच-दहा मिनिटांत बाहेर पडायचं.

ते दोन फरशांत कसं करायचं? दुकानात मिठाईचे, दुधाचे प्लास्टिक क्रेट असतातच, नाहीतर दोन विटा. विटभर उंचीचं, चार-पाच इंचाचं काहीतरी काउंटरखाली ठेवा आणि एक पाय त्यावर, थोड्या वेळानं दुसरा. कंबरेलाही बरं वाटतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरला हात धरून दहा-बारा वेळा टाचा वर-खाली करा, हळू (हे मालक सांगतात ते नव्हे बरं का, ते धरून ठेवणं होतं, हे पंप मारणं आहे). गार फरशीवर उभं राहत असाल तर पायाखाली जाड रबरी मॅट टाका, फोमची नको, ती आठवड्यात चपटी होते. आणि तासाला पाच मिनिटं बूड टेकायला मिळालं पाहिजे.

त्या शेवटच्या गोष्टीवर तुम्ही म्हणाल शेठ ऐकणार नाहीत. मला माहीत आहे आपल्याकडं काउंटरवरचं माणूस बसलेलं दिसलं की आळशी वाटतं. पण केरळात कापड दुकानातल्या बायकांनी नुसतं बसायला मिळावं म्हणून लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथं दुकान कायद्यात बदल करून बसायची सोय द्यायचं ठरलं, २०२१ मध्ये तामिळनाडूनंही तसा कायदा केला. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कायद्यातच उभ्यानं काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसायची सोय हवी असं लिहिलेलं होतं. शेठना कायदा सांगत जाऊ नका, भांडण होईल, पण उंच स्टूल मागा. बार स्टूलसारखं, ज्यावर टेकलं की तुम्ही उभ्याच्याच उंचीला दिसता, हात काउंटरवर पोचतो आणि बिलाचं काम होतं. एकट्या मागू नका, तिथं अजून दोघी आहेत असं लिहिलंय तुम्ही, तिघी मिळून मागा आणि दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं ती वेळ धरून मागा. सणासुदीच्या आठवड्यात अजिबात नको.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, पायात काय घालता? मला शंका आहे की सपाट रबरी स्लीपर किंवा आपली कोल्हापुरी. कोल्हापुरीबद्दल वाईट बोललं की आपल्या गावात राहणं अवघड, २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा मी पण स्टेटस ठेवलेलं. आणि खरंच ती चालायला वाईट नाही, पायाच्या आकाराला बसते, बोटं मोकळी राहतात. पण तिचा तळ सपाट आणि कडक. टाचेखालची गादी कडक सपाट जागेवर बाजूला पसरते, तिला कडेनं धरायला काही नसतं, आणि चाळिशीनंतर त्या गादीचा लवचिकपणाही कमी होत जातो. कर्र कर्र वाजवत महाद्वार रोडला फिरायला कोल्हापुरी, दिवसभर फरशीवर उभं राहायला नको. दुकानासाठी वेगळं ठेवा, मागं टाच बसेल असा वाटीसारखा खळगा, मागं पट्टा किंवा बंद, पुढं बोटं पसरतील एवढी रुंदी, आणि टाच चवड्यापेक्षा थोडीशी उंच, अर्धा-पाऊण इंच बास, त्यानं पोटरीचा दोर जरा सैल पडतो. जास्त उंच केलात तर वजन परत चवड्यावर. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय दिवसातला सगळ्यात मोठा असतो.

आता इनसोल. ७,८०० चे आत्ता घेऊ नका. टाचदुखीसाठी माप घेऊन बनवलेले आणि दुकानात तयार मिळणारे यांची तुलना झालेली आहे, आणि बहुतेक जणांत माप घेतलेले फार काही जास्त करत नाहीत असंच दिसलंय. मेडिकलमध्ये टाचेखाली घालायचे सिलिकॉनचे हील कप मिळतात, काही शे रुपयांत, ते दोन्ही पायात घाला (एकातच घातले तर तुम्हीच स्वतःला ५३-४७ कराल). महिन्यात फरक नाही पडला तर पुढचं बघू. आणि बहीण किंवा कुणी वजन कमी कर म्हणून मागं लागलं तर, उंचीच्या मानानं तुमचं वजन काय ते तुम्ही लिहिलं नाही म्हणून बोलत नाही, पण त्या १०७ जणांच्या मोजणीत वजन जास्त म्हणून दाब जास्त असा सरळ संबंध दिसला नव्हता. अंगानं भारी माणसांत टाचदुखी जास्त दिसते हे मात्र मी रोज बघतो, म्हणजे या विषयात पण सरळ रेष कमीच.

बाकी वाचणाऱ्यांसाठी पण लिहितो, कारण अशी पत्रं सारखी येतात, पोस्टातून, शाळेतून, शिरोली एमआयडीसीतून. दुखतंय कधी ते नीट बघा. सकाळी अंथरुणातून उठून पहिली चार पावलं टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखं होत असेल आणि मग कमी होत असेल तर ते बहुतेक तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं, त्याला पाय खाली टाकायच्या आधीच बसल्या बसल्या टॉवेलनं चवडा स्वतःकडं ओढायचा, तीसेक सेकंद, तीन-चार वेळा, आणि भिंतीला हात लावून पोटरीचे ताण रोज. एक्स-रेत 'हाड वाढलंय' असं आलं तर लगेच हातपाय गाळू नका, ते हाड अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांत वाढलेलं असतं. संध्याकाळीच दुखत असेल आणि बसल्यावर थांबत असेल तर ते बहुतेक तुमच्यासारखं, उभं राहण्याचं. पण एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणं आलं, रात्री झोपेतही टाच ठणकली, तळवा बधिर झाला किंवा मुंग्या येत राहिल्या तर माझं सदर वाचत बसू नका, डॉक्टरकडं जा. शुगर असणाऱ्यांनी तर जास्तच जपायचं, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना दाब जाणवतच नाही, खडा टोचला तरी कळत नाही, आणि त्यांच्या बाबतीत ते लाल-निळं मशीन खरंच कामाचं ठरतं, जखम कुठं होऊ शकते ते आधी कळतं. त्यांना माप घेऊन इनसोल सांगितले तर मी नाही म्हणणार नाही.

नोकरी सोडायचं म्हणाल तर, पायासाठी म्हणून तर नको, निदान आत्ता नको. क्रेट, हील कप, वेगळी चप्पल आणि स्टूल, एवढं सगळं मिळून हजार-दोन हजाराच्या आत बसतं. दीड-दोन महिने करून बघा. तेवढ्यानं नाहीच झालं आणि शेठनी स्टूलही दिलं नाही तर मग बसून काम असलेलं दुसरं शोधायला हरकत नाही, पण तो निर्णय हिशेब करून, घाबरून नाही. मुलीच्या फीचं लिहिलंय तुम्ही, ते मी विसरलो नाही.

मालकांना पटत नसेल तर घरी एक प्रयोग करा. शेजारी कुणाकडं बाथरूमचा वजनकाटा असेल तो आणा (दुकानातला पेढ्याचा नको). फरशीवर ठेवा, आणि त्याच्या पुढं तेवढ्याच उंचीची पाटी नाहीतर जुनी पुस्तकं. मालकांना चवडे पुस्तकांवर आणि टाचा काट्यावर ठेवून उभं करा, तालमीत उभे राहतात तसं नव्हे, चहाच्या गाड्यावर उभे राहतात तसं. आकडा बघा, त्यांच्या वजनाच्या निम्म्याच्या वर येईल बहुतेक. मग त्यांना बोलता बोलता हात पुढं करायला सांगा, मान वळवायला सांगा, काटा कसा नाचतो ते त्यांचं त्यांनाच दिसू दे, आणि किती आला ते मला पण कळवा.